पानगळीपूर्वीचे हिम

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेले बफेलो हे शहर हिमवर्षावासाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथील मोठे हिम सहसा नोव्हेंबरनंतरचे. १२ ऑक्टोबर २००६ रोजी मी तेथे मोठ्या बहिणीकडे होते. मेपलची पाने अजून झाडांवरच होती, बरीचशी हिरवी. अशा वेळी विजांच्या कडकडाटासह हिम कोसळू लागले. मेघगर्जना आणि बर्फ ही सांगड माळव्यातल्या माणसाला चमत्कारिकच वाटावी! दुसऱ्या दिवसापर्यंत विमानतळावर सुमारे ५७ सेंटिमीटर हिमाची नोंद झाली.

कारण सरोवराच्या उबेत होते. उन्हाळ्याची उष्णता साठविलेले पाणी अजून १६-१७ अंशांवर होते आणि वरून उत्तरेची गोठविणारी हवा आली. दीड किलोमीटर उंचीवरील हवा पाण्याहून सुमारे १३ अंशांनी थंड असली, तरी असे ढग उभे राहतात. त्या दिवशी हा फरक वीस अंशांहून अधिक होता. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहत असल्याने बाष्पाचा अरुंद पट्टा नेमका शहरावर रिता झाला. थोड्याच अंतरावरील गावांत मात्र फारसे काही नव्हते.

हिम ओले व जड होते. उघड्या फांद्यांवरून ते घसरले असते. पानांनी ते धरून ठेवले. रात्रभर फांद्या मोडण्याचे आवाज बंदुकीच्या बारांसारखे येत होते. विजेच्या तारा तुटल्या, लाखो लोक अंधारात गेले. काहींकडे वीज परतायला आठवड्याहून अधिक काळ लागला.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारीण दोन मुलांना घेऊन आली. दोघांनाही उलट्या, डोकेदुखी. ताप मात्र नाही. "तुमचेही डोके दुखते का?" असे विचारताच तिने मान हलविली. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये जनरेटर चालू होता! त्यांना परत घरात जाऊ न देता रुग्णवाहिका बोलावली. ऑक्सिजन मिळाल्यावर मध्यरात्रीपर्यंत मुले हसू लागली. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. साध्या हवेत तो निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. आपला नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर मात्र अशा वेळी खुशाल ९८ दाखवितो.

इंदूरला हिम पडत नाही. पण डिसेंबरात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटते आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालतो. अंघोळीत मूल चक्कर येऊन पडले की फिट, अशक्तपणा, उपाशीपोट अशी निदाने पटकन सुचतात. मी पहिला प्रश्न गिझरचा विचारते; पालक प्रथम चकित होतात, मग आठवून सांगतात की गेल्या आठवड्यात आजीलाही तेथेच घेरी आली होती.