कणकेवरचा आळ

ढाणकी गावाकडं कुणाचं क्रिएटिनिन वाढलं की घरात पहिली बंद होते ती पोळी. "गहू किडनीला जड, ज्वारीची भाकर खा," असं सोयरे सांगतात, चक्कीवर दळण घेऊन उभी असलेली बाईही सांगते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत 100 ग्रॅम कणकेत पोटॅशियम 310 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, ज्वारीत 330 च्या. प्रथिनं दोन्हींत दहा-साडेदहा ग्रॅम. फॉस्फरस कणकेत 315, ज्वारीत 275 च्या घरात. एवढ्याशा फरकासाठी पोळी सोडायची, तर एका भाकरीला दोन पोळ्यांचं पीठ सहज लागतं, हेही मोजायला हवं.

फॉस्फरसचा आकडा बघून घाबरू नये. गव्हातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारं पुरेसं विकर माणसाच्या आतड्यात नसतं. म्हणून त्यातला निम्म्याहून कमीच अंगी लागतो. पाकीटबंद खाण्यात आणि कोलासारख्या पेयांत वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. पोळी सोडून चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवणारे पेशंट आपल्याकडं कमी नाहीत.

मैद्यात कोंडा नसल्यानं पोटॅशियम-फॉस्फरस कमी, हे खरं. रक्तात ते वाढलेले असतील तर आहारतज्ज्ञ कधी पांढरं पीठ किंवा भात सुचवतात. पण त्यावरून टोस्ट-खारी चालते असं कुणी धरू नये. त्यांत मीठ असतं, सोडा असतो. ग्लुटेनचा मुद्दा तर वेगळाच आहे: सीलिअॅक आजार असलेल्यांनी गहू टाळायचा, नुसत्या किडनीच्या दुखण्यात त्याची गरज नसते.

आता खरा हिशेब. एका पोळीसाठी भिजवलेल्या कणकेचा 50 ग्रॅमचा गोळा काट्यावर ठेवा. त्यात कोरडं पीठ 30 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. डायलिसिस सुरू नसलेल्या, मधुमेह नसलेल्या पेशंटला किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात असताना वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.55 ते 0.6 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. 60 किलोच्या माणसाला 36 ग्रॅमपर्यंत. चार पोळ्यांनी त्यातला तिसरा हिस्सा भरतो. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. तेव्हाही पोळी सोडून पेजेवर राहिलेला माणूस स्नायू झिजवून बसतो. प्रमाण ठरवायचं ते रिपोर्ट बघून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी.

पोळीपेक्षा तिच्या शेजारी काय वाढलंय ते बघा. ठेचा, लोणचं, पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. सैंधव हेही सोडियमच. आणि 'लो सोडियम' मीठ तर पोटॅशियम क्लोराइड घालून केलेलं असतं. पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला ते जिवावर बेतू शकतं.

रोडग्यांचं, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचं, जेवण असलं की कुणी पेशंटला म्हणतं, "एकच घ्या." एका रोडग्यात तीन पोळ्यांची कणीक सहज बसते, आणि सोबत वाटीभर वरण आणि वांग्याची भाजी असतेच.