तीव्र, सौम्य व अविद्युत अपघटनी: पाण्यातील पदार्थांचे वर्गीकरण

इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तापीचे मुख व समुद्र जवळच. अशा भागात पाणी खारट की गोड हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला असतो. जलशुद्धी यंत्रे विकणारा दारात येऊन पेल्यात लहानसा मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरची माणसे घाबरतात. हा आकडा नेमका कशाचा?

मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो व त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. म्हणजेच त्याला फक्त आयन दिसतात. मीठ विरघळले की सोडियम व क्लोराइड आयन पूर्णपणे सुटे होतात. म्हणून मीठ तीव्र विद्युत अपघटनी होय. हायड्रोक्लोरिक आम्ल व कॉस्टिक सोडाही याच वर्गातील. याउलट साखरेचे रेणू पाण्यात अखंड राहतात. दोन चमचे साखर घातली तरी शुद्ध पाण्यात मीटरचा आकडा जवळजवळ हलत नाही. सिरक्यातील ॲसेटिक आम्ल या दोहोंच्या मधले. त्याच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातील सुमारे १.३ रेणूच आयनरूप होतात, म्हणून ते सौम्य. अमोनियाही तसाच.

येथे विद्यार्थी हमखास फसतात. चुना पाण्यात कमी विरघळतो, म्हणून तो सौम्य, असे उत्तर येते. परंतु जेवढा चुना विरघळतो तो आयनरूपच असतो. त्याची गणना तीव्र गटात होते. ‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी असेही नव्हे. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असूनही काच खाते व शरीराला अत्यंत घातक आहे.

भाषेच्या अध्यापकाला आणखी एक गोष्ट खटकते. विद्युत अपघटनाला उर्दूत ‘बर्क़-पाशीदगी’ म्हणतात. बर्क़ म्हणजे वीज, पाशीदन म्हणजे विखुरणे. दोन्ही नावांवरून वाटते की वीजच पदार्थाला फोडते. फॅरडेच्या काळी समजही तसाच होता. स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधापासून मांडत नेलेला विचार वेगळा होता: वीज सोडण्यापूर्वीच, केवळ विरघळल्याने आयन तयार होतात. त्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये याच सिद्धांताला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा पेल्याकडे वळू. भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालते. पण जंतू आणि आयनरूप न होणारी कीटकनाशके या मीटरला दिसतच नाहीत. आकडा ८० आला तरी ते पाणी उकळावे लागू शकते.