अ‍ॅट्रोपिनचा अंमल

महाशिवरात्रीला नागपुरात तेलंगखेडीच्या महादेवापुढे धोतऱ्याच्या काटेरी बोंडांची रास पडते. त्या बोंडांत जी विषद्रव्ये साठलेली असतात, त्यांच्याच कुळातील अ‍ॅट्रोपिनची एक सिरिंज तेथून दोन-तीन कोसांवरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या ट्रेवर, शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच भरून ठेवलेली असते. वाटसरूला खाण्यातून धोतरा चारून लुबाडणाऱ्यांच्या हकिकती इंग्रजी अमदानीतील फौजदारी दप्तरांत विपुल आहेत. तोंडाला पडणारी कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, तापलेले अंग, धावणारी नाडी आणि बरळणे या ज्या लक्षणांवरून त्या काळचे सिव्हिल सर्जन विषप्रयोग ओळखीत, त्यांतील कोरड आणि नाडीची गती ही दोनच भूलशास्त्राने आपल्या कामासाठी उचलली. बाकीची त्याला आजतागायत नाइलाजाने सोसावी लागतात.

हृदयाला आवर घालणे, लाळ सोडणे, आतडी हलवणे, श्वासनलिका आवळणे हा शरीराचा कारभार आपल्या संमतीवाचून चालतो आणि त्याची आज्ञा मज्जातंतूंच्या टोकाशी सुटणाऱ्या अ‍ॅसिटाइलकोलिन या द्रव्याच्या हाती असते. व्हेगस मज्जातंतू हृदयाला मंद करतो तो विजेच्या धक्क्याने नव्हे, तर एक रस सोडून, हे ओटो लोवी यांनी 1921 मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवले. पहिल्या हृदयाचा व्हेगस चेतवून त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. या कामासाठी 1936 चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले. अ‍ॅट्रोपिन मात्र स्वतः कसलीच आज्ञा देत नाही. साहेबाची खुर्ची अडवून बसलेल्या, पण एकाही कागदावर सही न करणाऱ्या कारकुनासारखे ते अ‍ॅसिटाइलकोलिनची आज्ञा झेलणाऱ्या ग्राहींवर ठाण मांडते, आणि वरून हुकूम येईनासा झाला की हृदय आपल्या मनाच्या वेगाने धावू लागते व लाळेच्या ग्रंथी स्वस्थ बसतात.

ईथरच्या काळात या कोरडेपणाची गरज खरोखरीच होती. ईथर हुंगवले की रुग्णाच्या तोंडात व घशात लाळ आणि कफ इतका साचे की श्वास अडखळावा. म्हणून शस्त्रक्रियेआधी अर्धापाऊण तास अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन स्नायूत टोचण्याचा दस्तुर पडला. पुढे ईथर गेले, लाळ न सोडवणारे वायू आले, तरी दस्तुर मात्र दशकानुदशके बिनतक्रार चालू राहिला. नागपूरसारख्या शहरात त्याचा फेरविचार इतरांच्या आधी व्हावयास हवा होता, असे माझे मत आहे. घामाच्या ग्रंथींना जाणारे मज्जातंतू सिम्पथेटिक गटातले असूनही त्यांचा निरोप्या अ‍ॅसिटाइलकोलिनच आहे, म्हणून अ‍ॅट्रोपिनने घाम आटतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना, आधीच ताप असलेल्या लहान मुलाचा घाम आटवणे म्हणजे त्याच्याकडचे उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन काढून घेणे होय.

आज हे औषध सरसकट न देता प्रसंग पाहून देतात. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला की क्षणार्धात मॉनिटरचे टिकटिकणे लांबत जाते. भूलतज्ज्ञ आधी सर्जनला हात थांबवावयास सांगतो, आणि एवढ्यावर नाडी सुधारली नाही तरच 0.6 मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधले अ‍ॅट्रोपिन शिरेत जाते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना किंवा कण्यात भूल दिल्यावरही हीच वेळ येते. ते द्यावयाचे तर पुरते आणि चटकन, कारण अत्यल्प मात्रेत किंवा रेंगाळत दिले तर तेच नाडी क्षणभर आणखी मंद करते.

या जातीच्या औषधांचा नित्याचा उपयोग मात्र शस्त्रक्रियेच्या शेवटी असतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरवण्यासाठी जे निओस्टिग्मीन देतात, ते अ‍ॅसिटाइलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकरालाच थोपवते. स्नायूंत शक्ती येते खरी, पण त्याच भरात हृदय मंदावते आणि तोंड पाण्याने भरते. म्हणून 2.5 मिलिग्रॅम निओस्टिग्मीनसोबत 0.5 मिलिग्रॅम ग्लायकोपायरोलेट हे अ‍ॅट्रोपिनच्याच जातीचे औषध देण्याची रीत आहे. हे कृत्रिम द्रव्य विद्युत्भारित असल्यामुळे मेंदूच्या वेशीवरच अडते. त्याचा परिणामही निओस्टिग्मीनप्रमाणेच हळूहळू चढतो. अ‍ॅट्रोपिन मेंदूत शिरते, आणि वृद्ध रुग्ण जागा होताच हवेत काहीबाही वेचू लागला किंवा घरच्यांना ओळखीनासा झाला, तर त्यात त्याचाही हात असू शकतो. धोतऱ्यातलेच हायोसिन तर मेंदूवर याहून अधिक चढते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रसूतीची आठवणच पुसून टाकण्यासाठी ते मॉर्फिनबरोबर देत. आता त्याचे काम बहुतांशी मळमळ व प्रवासातील ओकारी थांबवण्यापुरते उरले आहे.

विदर्भात अ‍ॅट्रोपिनचा मोठा खप शस्त्रक्रियागृहाबाहेर, फवारणीच्या हंगामात होतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत येऊ लागले आणि वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा या औषधाचे नाव गावोगावी पोचले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके निओस्टिग्मीन थोपवते त्याच विकराला कायमचे निकामी करतात. अ‍ॅसिटाइलकोलिनचा पूर येतो, आणि त्याला खुर्चीवरून हटवण्यास अ‍ॅट्रोपिन त्या प्रमाणात अधिक लागते. म्हणून डॉक्टर नेहमीच्या मात्रेचा हिशेब सोडून देतात, दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जातात, आणि छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसातली घरघर थांबेपर्यंत हात आखडत नाहीत. बाहुल्या विस्फारल्या एवढ्यावर थांबणे ही चूक आहे, हे अशा वॉर्डात नवख्या डॉक्टरांना बजावून सांगतात. परंतु श्वासाच्या स्नायूंवरील ग्राही निराळ्या जातीचे आहेत. तेथे अ‍ॅट्रोपिनची मात्रा चालत नाही. छाती कोरडी झाली तरी दम पुरत नाही, अशा रुग्णाला नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते आणि त्या कामी भूलतज्ज्ञालाच बोलावणे धाडतात.