तारेच्या जाळीतून विश्व

पुण्याहून नाशिक रस्त्याने साधारण ८० किलोमीटर गेलं की नारायणगाव येतं. टोमॅटोचा बाजार आणि द्राक्षांचे मळे ही या गावाची ओळख. तिथून पूर्वेला खोडदकडे वळलं की शेतांच्या पलीकडे अवाढव्य थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर. लांबून त्या भरीव वाटतात. पायथ्याशी जाऊन मान वर केली की कळतं, थाळीतून आरपार आकाश दिसतंय. पत्रा कुठेच नाही. आहे ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, दोरखंडांनी ताणून वक्राकार केलेली.

ही जाळी ज्यांच्या डोक्यातून निघाली ते डॉ. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले. वय ९१. करोनाच्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी अनेकांच्या नजरेतून निसटली. स्वरूप यांना ‘भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचे जनक’ म्हटलं जातं आणि ते खरंच आहे. पण माझ्या मते त्यांचं मोठेपण त्याहून नेमक्या गोष्टीत आहे. हाताशी पैसा किती, पोलाद किती, जमीन कशी, हे आधी पाहून त्याला साजेसा पण जागतिक तोडीचा वैज्ञानिक प्रश्न त्यांनी निवडला. मोठं यंत्र परवडत नाही म्हणून छोटं बांधायचं, ही वाट त्यांनी कधीच धरली नाही.

भंगारात निघालेल्या तबकड्या

स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातल्या ठाकूरद्वारा इथे झाला. अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली रुजू झाले. कृष्णन १९५२ साली सिडनीच्या परिषदेहून परतले ते ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्राने भारावूनच. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेली माणसं तिथे आता आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपत होती. पुढच्याच वर्षी स्वरूप यांना कोलंबो योजनेतून सिडनीला पाठवण्यात आलं.

तिथल्या पॉट्स हिल केंद्रावर सहा फुटी ३२ तबकड्यांची रांग होती. सूर्याच्या अभ्यासातलं तिचं काम संपलं आणि ती मोडीत काढायची वेळ आली. स्वरूप यांनी त्या तबकड्या भारतासाठी मागून घेतल्या. मात्र जहाजाच्या भाड्यावरून गाडं अडलं आणि प्रकरण लांबलं. मधल्या काळात ते अमेरिकेला गेले. स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि तिथेच अध्यापकही झाले.

१९६१ साली परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी देशातल्या संस्थांना पत्रं पाठवली: आम्ही परत येऊन एकत्र काम करायला तयार आहोत. त्या चौघांत स्वरूप होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी गट उभारायचं ठरल्याची तारच पाठवली. १९६३ साली स्वरूप मुंबईत दाखल झाले. तोवर दिल्लीला येऊन पोचलेल्या त्या तबकड्या त्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या आणि १९६५ साली भारताची पहिली रेडिओ दुर्बीण सूर्याकडे पाहू लागली. दुसऱ्या देशाने टाकून दिलेल्या साहित्यावर इथली एक पिढी शिकली.

उटीचा उतार

त्यानंतरचं यंत्र पूर्ण स्वदेशी होतं. त्यामागची कल्पना अशी. चंद्र आकाशात सरकताना दूरच्या रेडिओ स्रोतांना झाकतो. चंद्राची कडा कोणत्या क्षणी कुठे असेल हे अचूक ठाऊक असल्याने, स्रोत दिसेनासा होण्याच्या नोंदीवरून त्याची जागा आणि आकार काढता येतो. मात्र त्यासाठी चंद्राचा तासन्‌तास पाठलाग करू शकेल अशी मोठी, संवेदनशील दुर्बीण हवी. एवढं मोठं यंत्र दोन अक्षांवर फिरवायचं म्हणजे अफाट खर्च.

स्वरूप यांनी भूगोलाकडून मदत घेतली. दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल, तर ती एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशाचा माग काढता येतो. त्यासाठी जमिनीचा उतार तिथल्या अक्षांशाइतका हवा. उटीचा अक्षांश ११ अंश आहे. म्हणून दक्षिणोत्तर ११ अंशांचा नैसर्गिक उतार असलेली टेकडी शोधली आणि ती उटीजवळ मुथोराईला सापडली. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण १९७० साली उभी राहिली. परावर्तनासाठी पत्र्याऐवजी २४ कमानींवर दक्षिणोत्तर ताणलेल्या सुमारे ११०० बारीक पोलादी तारा. ही दुर्बीण सलग नऊ तासांहून अधिक काळ आकाशातल्या एकाच बिंदूचा माग काढू शकते. जे काम महागड्या यंत्रणेने करायचं, ते डोंगराच्या उताराने केलं.

उटीतून हजाराहून अधिक दूरच्या स्रोतांचे कोनीय आकार मोजले गेले. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ च्या सुमारास त्यावरून दाखवलं, की विश्व पूर्वी आजच्यापेक्षा वेगळं होतं. स्थिर विश्वाच्या कल्पनेशी हे जुळत नव्हतं, महास्फोटाच्या कल्पनेशी जुळत होतं. स्थिर विश्वाची बाजू मांडणारे डॉ. जयंत नारळीकर पुढे पुण्यात आले. नारळीकरांची आयुका (खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र) आणि स्वरूप यांची एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) या दोन संस्था पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात वाढल्या. विश्वोत्पत्तीच्या वादातल्या दोन बाजूंची माणसं एकाच शहरात संस्था उभारत होती, हे पुण्याचं भाग्यच.

खोडदच्या तीस थाळ्या

विषुववृत्तावर दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण उभारायची योजनाही स्वरूप यांनी आखली होती, केनिया आणि इंडोनेशियाशी बोलणीही झाली. ती फळाला आली नाही. मग ऐंशीच्या दशकात त्यांनी नवा आराखडा मांडला आणि १९८७ साली त्याला मंजुरी मिळाली. तीच आजची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप.

या यंत्राचं मर्म जाळीत आहे. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असेल, तर त्या लहरींच्या लेखी जाळी आणि पत्रा सारखेच. रेडिओ लहरींपैकी स्वरूप यांनी लांब लहरी निवडल्या. त्यामुळे थाळीच्या मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेकडे १५ व २० मिलिमीटरची भोकं चालली. भोकांमुळे वारा आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी झाला की सांगाडा हलका होतो, मोटारी लहान लागतात, पायाही हलका चालतो. स्वरूप यांच्या या कल्पनेला मुंबईच्या टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने अभियांत्रिकी रूप दिलं. त्यामुळेच मोजक्या निधीत एक-दोन नव्हे, तीस थाळ्या बांधता आल्या.

त्यातल्या १४ मध्यवर्ती भागात दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत प्रकाशीय तंतूंनी एकत्र आणून संगणक ताडून पाहतो आणि सगळ्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीचं काम करतात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जे. आर. डी. टाटांच्या स्मृतीला अर्पण झाली.

ही दुर्बीण आखली गेली तेव्हा जगातले बरेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आखूड लहरींकडे वळले होते. लांब लहरींचं क्षेत्र जवळपास मोकळं होतं आणि स्वस्तही. स्वरूप यांनी दोन्हींचा लाभ घेतला. हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. स्रोत जितका दूर, तितकी विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाऊन लांब होते. दीर्घिका घडण्याआधीचे हायड्रोजनचे ढग शोधणं हा जीएमआरटीचा एक मूळ हेतू होता. अपेक्षा होती तसे ते ढग सापडले नाहीत, कारण दीर्घिका कशा जन्मतात याविषयीचं शास्त्रच मधल्या काळात बदललं.

तरी हायड्रोजनचा तो पाठलाग वाया गेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एनसीआरएच्या संशोधकांचा निबंध आला. अद्ययावत केलेल्या जीएमआरटीने ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचं सरासरी वस्तुमान मोजलं होतं. त्या दीर्घिकांचा वायू एक-दोनशे कोटी वर्षांतच ताऱ्यांच्या निर्मितीत संपून जाणार होता. विश्वात ताऱ्यांचा जन्म का मंदावला, याचा एक दुवा त्यातून हाती लागला. निबंध छापून आला तेव्हा स्वरूप यांना जाऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता.

यंत्र आणि माणसं

यंत्रं जुनी होतात, माणसं पुढे जातात. म्हणून स्वरूप यांच्या वारशात मी दुर्बिणींइतकंच महत्त्व त्यांच्या हाताखाली घडलेल्या माणसांना देतो. त्यांनी देशातल्या देशात दुर्बीण आखणारी, बांधणारी आणि दुरुस्त करणारी माणसं तयार केली. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. ग. भिडे यांच्यासोबत त्यांनी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक विज्ञान अभ्यासक्रमाची कल्पना मांडली. आज देशभर असलेल्या, विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या ‘आयसर’ संस्थांच्या मुळाशी ही कल्पनाही आहे.

खोडदच्या थाळ्यांना आज धोका आहे तो माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटाचा. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांतल्या ठिणग्या, वाहनं, या सगळ्यांचे संकेत दूरच्या हायड्रोजनच्या संकेतापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतात. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीवरूनही हाच प्रश्न पुढे आला. गावांना रेल्वे हवी आणि मोबाइलही हवा, ही मागणी रास्त आहे. त्याच वेळी पुन्हा कुठेही सहज मिळणार नाही असं एक शांत आकाश जुन्नर तालुक्याच्या वाट्याला आलं आहे. दोन्हींचा मेळ अभियांत्रिकीने घालता येतो, फक्त तो आधी घालावा लागतो, नंतर नाही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरतं. राज्यभरातल्या शाळांची मुलं तिथे आपले प्रयोग घेऊन येतात. आपल्या मुलाबाळांना एकदा तिथे न्या. एखाद्या थाळीकडे मान वर करून पाहू द्या आणि त्यांना सांगा, की पोलाद कमी होतं म्हणून कोणी हार मानली नाही, उलट कमी पोलादातच ही दुर्बीण होईल असं एका माणसाने गणिताने दाखवून दिलं. आणि आपल्या भागातून रस्ता, रेल्वे किंवा मनोरा आखला जात असेल, तर जीएमआरटीचं म्हणणं ऐकलं गेलं का, हा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारा.