आरसा ट्रॅक्टरलाही हवाच!

साडी नेसली की आपण आरशात मागून-पुढून पाहतो ना? पण ट्रॅक्टरलाही आरसा हवा, हे मला कन्हानला शेती पाहू लागल्यावर कळलं. तेही चांगलंच घाबरून. अंगणात ट्रॉली मागे घेत होते. "काकू, थांबा न!" शेजारची मुलगी ओरडली. उतरून पाहिलं, तर तिचा धाकटा भाऊ चाकामागे चेंडू शोधत होता. माझे हातपायच गळाले.

ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद. त्यात कापूस भरला की मागचं काहीच दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्डरकडून ट्रॉलीच्या कडेबाहेर येतील असे लांब दांडे बसवले, त्यांवर फुगीर आरसे. त्यांत जास्त दिसतं, पण गाडी असते त्याहून लांब वाटते, हे विसरायचं नाही. नागपूर-जबलपूर रस्त्यावर मागून ट्रक येतात, म्हणून ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टरही लावले.

तरी ट्रॉलीच्या अगदी पाठीमागचं आरशात येतच नाही. त्यामुळे मागे घेण्याआधी मी उतरते, फेरी मारते, कुणाला तरी बाजूला उभं करते. मामाजी आधी हसायचे. आता तेच विचारतात, "सूनबाई, मागं पाहिलं का?"