पूर्ण म्हणवणारा स्पीकर आणि त्याचा जोडीदार

आजचा विषय 'फुलरेंज स्पीकर आणि सबवूफर' असा जाहीर झाला आहे. आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे पहिली शंका नावाबद्दलच येते. फुलरेंज म्हणजे पूर्ण पल्ल्याचा. जो पूर्ण आहे त्याला जोडीदार कशाला? आणि जोडीदार लागत असेल तर तो पूर्ण कसला? घरी स्पीकर बांधणाऱ्यांची बरीचशी फसगत या एका शब्दातून होते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

फुलरेंज म्हणजे एकच ड्रायव्हर. साधारण तीन ते आठ इंचांचा कागदी शंकू, मागे लोहचुंबक आणि त्याच्या फटीत मागेपुढे होणारं तारेचं वेटोळं. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी हे रूप मांडलं, आणि मुळात ते अजून तेच आहे. वेगळा वूफर नाही, ट्विटर नाही, मधे वाटणी करणारं क्रॉसओव्हर सर्किट नाही. तंबोरा, गळा, पेटी, तबला, सगळं त्या एकाच शंकूने बोलायचं.

आता निसर्गाचा हिशेब बघा. आवाजाची पातळी तेवढीच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला, की शंकूला चौपट हलावं लागतं. २०० हर्ट्झला जो पाव मिलिमीटर हलतो, तो १०० ला एक मिलिमीटर हलणार आणि ५० ला चार. चार इंची शंकूची सरळपणे हलण्याची मर्यादा तिथेच कुठेतरी संपते. बरं, तो खर्जासाठी असा हेलकावत असताना गाणाऱ्याचा आवाजही त्याच शंकूवर स्वार असतो. हलत्या होडीत बसून पत्र लिहिणाऱ्याचं अक्षर जसं बिघडतं, तसं गळ्याचं होतं. डग्ग्यावर जोराची थाप पडली की गायकाचा आकार क्षणभर गढूळ होतो, तो यामुळे.

लोक सबवूफर आणतात तो भर घालायला. बास कमी पडतो, म्हणून बासचा डबा आणला. आमचं म्हणणं उलट आहे. या जोडीत सबवूफरचं पहिलं काम भर घालण्याचं नाही, फुलरेंजच्या डोक्यावरचं ओझं उतरवण्याचं आहे. ओझं उतरवलंच नाही आणि शेजारी दुसरा हमाल नुसता उभा केला, तर दोघेही एकाच गोणीला ओढत बसतात. बाजारातल्या बहुतेक सबवूफरवर वरची मर्यादा ठरवणारी खुंटी असते, म्हणजे सबवूफर १०० हर्ट्झच्या वर जाणार नाही अशी सोय असते. पण मुख्य स्पीकरने १०० च्या खाली जाऊ नये, ही सोय पुष्कळदा नसते. ती आपल्याला करावी लागते, आणि तीच करायची राहून जाते.

मग कोणी विचारेल, एवढी यातायात कशाला? सरळ वूफर-ट्विटरचा जोड घ्यावा. घ्यावा की. पण वाटणी कुठे होते ते पाहा. नेहमीच्या दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये ती साधारण दोन-तीन हजार हर्ट्झला होते. आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो जवळपास याच टापूत, आणि गायकाचे शब्दही इथेच स्पष्ट होतात. २५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर. वूफर आणि ट्विटर एकमेकांपासून तेवढेच लांब असतात, त्यामुळे मान थोडी वरखाली केली तरी दोघांचं जमणं-बिघडणं बदलतं. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर लांब. तिथे दोन खोके एकमेकांपासून अर्धा-पाऊण मीटरवर असले तरी लहरीच्या दृष्टीने ते एकाच जागी आहेत. प्लेटोने म्हटलं होतं की वस्तूचे भाग करायचे तर तिच्या सांध्यावर करावेत, आडदांड खाटकासारखे हाडं फोडून नव्हे. ध्वनीला सांधा असेल तर तो इथे, ८० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान आहे. आम्हाला ही जोडी आवडते ती या कारणासाठी.

फुलरेंजचे दोष आहेतच. अगदी वरच्या पट्टीत आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होतो आणि थोडा खडबडीतही. पण आमच्या वयाच्या कानांना दहा हजार हर्ट्झच्या पलीकडे फारसं काही उरलेलं नसतं, तेव्हा तो तोटा तरुणांनी मोजावा.

आता प्रत्यक्ष जोडणी. फुलरेंजचा खोका बंद ठेवा, भोकाचा नको. भोकाच्या खोक्यात एका ठरावीक स्वराखाली शंकूला मागच्या हवेचा आधारच उरत नाही आणि तो मोकाट हलतो. तयार खोका भोकाचा असेल तर भोकात फोमचा घट्ट बोळा बसवा. बंद खोक्याचा आवाज त्याच्या अनुनादाखाली सप्तकामागे १२ डेसिबलने आपोआप उतरतो, म्हणजे अर्धं गाळणं सुताराने आधीच करून दिलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या थील आणि स्मॉल यांनी घालून दिलेल्या मापांवरून खोका असा काढता येतो की त्याचा क्यू ०.७ च्या आसपास आणि अनुनाद समजा १०० हर्ट्झला येईल. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी त्याच १०० हर्ट्झला, त्याच क्यूचा, आणखी १२ डेसिबलचा उतार दिला की एकूण २४ होतो. सबवूफरला वरून २४ चाच उतार द्यायचा. लिंकविट्झ आणि रायली या दोघांच्या नावाने, १९७६ पासून, ही मांडणी ओळखली जाते. सांध्यावर दोघेही ६ डेसिबलने खाली असतात, पण एका पावलाने चालतात, म्हणून त्यांची बेरीज सपाट येते.

एवढं सर्किट नको असेल तर एक कपॅसिटर पुरतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रोध १० किलोओहम असेल तर ०.१६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इनपुटला ओळीत लावला की १०० हर्ट्झखाली ६ डेसिबलचा उतार मिळतो. काही रुपयांचं काम आहे. सांधा लिंकविट्झ-रायलीइतका नेटका बसणार नाही, पण ओझं उतरेल. हाच कपॅसिटर स्पीकरच्या तारेत लावायचा मोह टाळा. तिथे ८ ओहमला २०० मायक्रोफॅरड लागतात, आणि अनुनादाजवळ ड्रायव्हरचा रोध ८ ओहम राहतच नाही, त्यामुळे गणित कोसळतं.

एक गोष्ट इथे मुद्दाम थांबून सांगायची आहे, कारण सबवूफरवर सर्वाधिक अन्याय तिथे होतो. पुष्कळ जण म्हणतात, 'आवाज पातळ वाटतो', आणि सबवूफर वाढवत राहतात. खोका अरुंद असला की खालचा आवाज पुढच्या फळीला वळसा घालून मागे पसरतो. २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीला ही उतरण साधारण ६०० हर्ट्झच्या आसपास असते आणि शेवटी ती ६ डेसिबलपर्यंत जाते. पातळपणा आहे तो २०० ते ५०० च्या टापूत, गळ्याच्या अंगात. १०० च्या खालचा सबवूफर तिथे काय करणार? तो वाढवला की आवाज पातळच राहतो, वर घुमतो. यावर उपाय म्हणजे फळी रुंद करणं, स्पीकर भिंतीजवळ नेणं किंवा सर्किटमध्ये तेवढी भरपाई करणं. आजार एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असं करू नये.

मग खोली. आपल्याकडची १० बाय १२ ची खोली घ्या. १२ फुटांत लहर अडकते ती ४७ हर्ट्झला आणि १० फुटांत ५६ ला. छतही १० फुटांवर असेल तर ५६ ला दुप्पट घोळ. म्हणून सबवूफर कोपऱ्यात ढकलण्याआधी जागा शोधा. रीत अशी की सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवायचा, खर्जातलं काही लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत जिथे ते सर्वांत सारखं ऐकू येईल ती जागा हेरायची. तीच त्याची जागा. आमचे गुडघे आता रांगू देत नाहीत, आम्ही बुटकं स्टूल सरकवत जातो.

जागा ठरली की पावलं जुळवायची. सबवूफर एक मीटर मागे असेल तर त्याचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा येतो. १०० हर्ट्झचं पूर्ण आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे ५ मिलिसेकंदांची चूक झाली की दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. त्यासाठी १०० हर्ट्झचा एकच स्वर लावा, सबवूफरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडा आणि खुर्चीत बसून आवाज कमीत कमी होईपर्यंत फेजची खुंटी फिरवा. मग तारा सुलट करा.

शेवटी कानाची परीक्षा. तंबोऱ्यावर भरवसा ठेवू नका. काळी एकच्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, खर्जाची तार ६९ ला. लहान स्पीकर तो ६९ पुरेसा देत नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरचे स्वयंभू स्वर ऐकून मन खालचा मूळ स्वर भरून काढतं. धूर दिसला की अग्नी मानावा, तसं हे अनुमान आहे. पट्टी अनुमानाने कळते. वजन मात्र प्रत्यक्षच लागतं, आणि वजन कुठे आहे? डग्ग्यात. म्हणून परीक्षा डग्ग्याची घ्या. मनगट दाबत नेलेला घुमारा १०० च्या खालून निघतो आणि सांधा ओलांडून वर चढतो. तो एका हाताने काढल्यासारखा सलग ऐकू आला तर जोड बसली. मधेच तो एका खोक्यातून दुसऱ्यात उडी मारत असेल, तर पातळी किंवा फेज चुकली आहे. आपल्या संगीताला २० हर्ट्झपर्यंत जाणारा राक्षसी सबवूफर लागत नाही, ४० पर्यंत नीट जाणारा पुरे. सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील तर गोष्ट वेगळी.

पातळी ठरवताना नेहमी जेवढ्या आवाजात ऐकता तेवढ्यातच ठरवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात कान खर्जाला अधिक बहिरा असतो. रात्री अकराला ठरवलेली खुंटी सकाळी मोठ्या आवाजात जड वाटणारच.

इथे टेबलावर दोन चार इंची फुलरेंज आणि खाली एक आठ इंची सबवूफर मांडून ठेवला आहे. आधी कपॅसिटर काढून द्रुत तीनतालाचा एक तुकडा ऐकू, मग तोच कपॅसिटर लावून. दोन्ही वेळा सबवूफर बंद असेल. फक्त गळ्याकडे लक्ष ठेवा. तिसऱ्या वेळी सबवूफर सुरू करू, आणि प्रश्न त्यानंतर घेऊ.