भाडे किती आणि किंमत किती?

श्रोते हो, घरात भाड्याने राहायचे आणि हप्ते देता देता तेच घर आपले करायचे, ही भाडेखरेदीची रीत आपल्याकडे नवी नाही. पूर्वीच्या गृहनिर्माण मंडळांनी आणि 1977 नंतर म्हाडाने या रीतीने गाळे दिले. खाजगी मालकाने असा करार केला, की प्रश्न येतो तो आयकराचा.

समजा, तुमसरच्या एका निवृत्त गुरुजींनी आपले घर एका तरुण कारकुनाला दिले. दरमहा 9,000 रुपये ठरले. पैकी 6,000 भाडे आणि 3,000 किमतीपोटी विसार. पाच वर्षांनी उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करायचे. गुरुजींच्या हाती वर्षाला 1,08,000 रुपये आले. या सगळ्यावर कर द्यायचा काय? तर नाही.

भाड्याचे झाले 72,000. त्यातून गुरुजींनी स्वतः भरलेली घरपट्टी, धरा 2,000, वजा करा. राहिले 70,000. त्यावर दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट 30 टक्के, म्हणजे 21,000 रुपये सूट मिळते. खर्च झाला की नाही, हे कोणी विचारीत नाही. उरलेले 49,000 विवरणपत्रात गृहसंपत्तीचे उत्पन्न म्हणून दाखवायचे. 1961 च्या कायद्याची हीच रीत. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या 2025 च्या नव्या कायद्यानेही ही 30 टक्के सूट ठेवली आहे.

विसाराचे 36,000 हे उत्पन्न नव्हे, ती किमतीची आगाऊ रक्कम. खरेदी होईल त्या वर्षी ती विक्रीच्या किमतीत धरून भांडवली नफा काढायचा. मात्र सौदा मोडला आणि गुरुजींनी विसार जप्त केला, तर त्या वर्षी ती रक्कम इतर उत्पन्न म्हणून करास पात्र होते.

आता करारात नुसते ‘भाडे 9,000’ असे लिहिले असते तर? मग 49,000 ऐवजी 74,200 रुपये दाखवावे लागले असते. पुढे तेच पैसे किमतीत वळते केले, की ते दोन्हीकडे मोजले जाण्याची आपत्ती! शिवाय आपण किमतीपोटी पैसे दिले, हे कारकुनाने सिद्ध तरी कसे करावे?

दुसरी खबरदारी ताब्याची. नोंदणीकृत विक्रीकरारात ‘खरेदीदार म्हणून ताबा दिला’ असे आले, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 53-अ लागू होऊन आयकरापुरता कारकूनच मालक धरला जाऊ शकतो. मग भांडवली नफ्याचा हिशेबही गुरुजींना खरेदीखताआधीच द्यावा लागेल. म्हणून खरेदीपर्यंतचा ताबा भाडेकरूचा, हे स्पष्ट लिहावे.

भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. आणि विसार बँकेतूनच घ्यावा. 20,000 रुपये वा त्याहून अधिक विसार रोख घेण्यास 2015 पासून मनाई आहे, आणि आधीच्या हप्त्यांची बेरीजही त्यात धरतात. दरमहा 3,000 म्हटले तरी सातव्या महिन्यात मर्यादा ओलांडते.

शिक्षक मित्रांनो, गावात कागद वाचून घ्यायला लोक आपल्याकडेच येतात. भाडे आणि विसार वेगळे लिहिले आहेत काय, आणि ताबा कोणत्या नात्याने दिला आहे, एवढे सही होण्याआधी त्यांना जरूर पाहून द्या.